नागपुरात छोटं चिकन कटिंग-पॅकिंग युनिट टाकायचंय? आधी फरशीचा उतार बघा, मशीन नंतर

महिन्यातून दोन-तीन तरी फोन येतात, "दादा, युनिट टाकून राहिलो, व्हॅक्यूम मशीन कोणती घेऊ?" आणि मी दरवेळी उलट विचारतो की तुझ्या जागेतलं पाणी कोणत्या बाजूला वाहते ते सांग. पोरगा गप्प होतो. मशीन तर पैसे दिले की आठवड्याभरात दारात येते, पण चुकीचा उतार, चुकीच्या जागी नाली आणि कमी पडणारी कूलिंग या तीन गोष्टी एकदा बांधून झाल्या की फोडल्याशिवाय सुधरत नाहीत. मी हिंगण्याच्या बाजूला छोटं युनिट चालवतो, चिकन कटिंग, मॅरिनेशन, पॅकिंग, थोडं मटण. माझी पहिली फरशी मी स्वतः फोडून परत केलेली आहे. म्हणून हे सगळं एकदा बसून लिहून काढतोय, ज्याला खरंच करायचंय त्याच्यासाठी.

सगळ्यात आधी: कोंबडी तुम्ही कापणार का, कापलेली घेणार?

हे दोन वेगवेगळे धंदे आहेत. जिवंत पक्षी आणून कापायचे म्हटलं की पिंजरे, रक्त, पिसं, आतडी, गरम पाणी, सगळं आलं आणि परवानगीचा डोंगर पण आला. ड्रेस केलेला (कापून, पिसं-आतडी काढून साफ केलेला), थंड केलेला माल लायसनवाल्या प्लांटकडून उचलून फक्त कटिंग-मॅरिनेशन-पॅकिंग करायचं तर काम निम्म्याहून कमी होते. माझं स्पष्ट मत आहे की नव्या माणसानं पहिली दोन वर्षं दुसऱ्या प्रकारानं काढावी, मार्जिन कमी मिळेल पण शिकणं स्वस्तात होईल.

आकडे असे. फूड सेफ्टीच्या लायसनचे जे २०११ चे नियम आले त्यात दिवसाला ५० पक्ष्यांपर्यंत कापणारा रजिस्ट्रेशनमध्ये बसायचा, ५० ते १००० पक्षी म्हणजे स्टेट लायसन आणि १००० च्या वर सेंट्रल. नुसतं मीट प्रोसेसिंग असेल तर दिवसाला ५०० किलोपर्यंत स्टेट, वर सेंट्रल. या मर्यादा अधूनमधून बदलतात, त्यामुळं अर्ज भरायच्या दिवशी फूड सेफ्टी लायसनच्या फॉसकॉस पोर्टलवर आपला प्रकार टाकून पात्रता बघून घ्या, एजंट सांगतो म्हणून भरू नका. चुकीच्या प्रकारात लायसन निघालं की पुढं प्रत्येक तपासणीत तोच मुद्दा निघते.

जागा

घराच्या खालचा हॉल, मानेवाड्यातलं रिकामं दुकान, भावाचं गोडाऊन, असे विचार डोक्यात येतातच, पण रहिवासी भागात हे चालत नाही आणि चालू पण नये, शेजाऱ्यांच्या नाकाचा विचार करा. हिंगणा, बुटीबोरी, कळमेश्वर एमआयडीसी बघा. भाडेकरार करायच्या आधी चार गोष्टी विचारा: थ्री फेज लोड किती मिळेल, पाणी रोज किती येते, सांडपाणी कुठं सोडायची परवानगी आहे, आणि मालक फरशी फोडू देईल का. चौथा प्रश्न लोक विचारतच नाहीत.

प्रदूषण मंडळाची परवानगी दोन टप्प्यांत असते, बांधायच्या आधी कन्सेंट टू एस्टॅब्लिश आणि चालू करायच्या आधी कन्सेंट टू ऑपरेट. केंद्रीय मंडळाच्या २०१६ च्या वर्गीकरणात स्लॉटर हाऊस आणि मीट प्रोसेसिंग हे रेड कॅटेगरीत टाकलेलं होतं, म्हणजे हलक्यात घ्यायची गोष्ट नाही. आधी बांधून मग कागद करू म्हणणारे दोन जण माझ्या ओळखीतले आहेत, दोघांचं शटर बांधून तयार आहे आणि बंद आहे.

उतार, नाली आणि एकाच दिशेनं जाणारा माल

इथं मी जरा थांबणार आहे कारण सगळं इथंच ठरते.

माल एकाच दिशेनं गेला पाहिजे, घाणेरड्याकडून स्वच्छाकडं. एका बाजूनं कच्चा माल आत, मग कटिंग, मग मॅरिनेशन, मग पॅकिंग, मग कोल्ड रूम, आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर. मागं फिरणं नाही. कच्च्या मालाचे क्रेट ज्या दारातून येतात त्याच दारातून पॅक झालेला माल जात असेल तर तुम्ही कितीही फिनाईल मारा, उपयोग शून्य. कच्च्या बाजूचा माणूस पॅकिंग बाजूला जाता कामा नये, आणि जायचंच असेल तर एप्रन बदलून, हात आणि गमबूट धुऊन.

आणि पाणी बरोबर उलटं. नालीतलं पाणी स्वच्छ बाजूकडून घाणेरड्या बाजूकडं वाहिलं पाहिजे. माझ्या पहिल्या फरशीत मिस्त्रीनं उतार दिला रस्त्याच्या बाजूला, कारण चेंबर तिकडं होतं, आणि ती नेमकी माझी पॅकिंगची बाजू. कटिंग टेबलाखालचं रक्ताळलेलं पाणी पॅकिंग टेबलाखालून जायचं. सात महिन्यांनी फोडलं. म्हणून सांगतो, फरशी झाली की टाइल लावायच्या आधी बादलीभर पाणी चार कोपऱ्यांत ओता आणि उभं राहून बघा, दहा मिनिटांनी कुठंही थारोळं दिसलं तर मिस्त्रीला पैसे देऊ नका. साधारण ५० सेंटिमीटरला १ सेंटिमीटर उतार ठेवा, त्याहून कमी असलं की पाणी तुंबते, फार जास्त केलं तर ट्रॉली आपोआप पळते आणि पोरं घसरतात.

कोटा, कडप्पा दिसायला मजबूत पण सांध्यांत चरबी बसते आणि ती निघत नाही. एपॉक्सी चांगली, पण गरम पाणी रोज पडलं की उचलते, जिथं गरम पाण्यानं धुणार तिथं पीयू (पॉलियुरेथेन) फ्लोरिंग करा, महाग आहे पण एकदाच. भिंत आणि फरशीच्या कोपऱ्याला गोलाई द्या, काटकोनात ब्रश जात नाही. नालीवर स्टीलची उचलता येणारी जाळी, आत ट्रॅप, नाहीतर उंदीर आणि झुरळं त्याच रस्त्यानं येतात. लाइटला कव्हर. माशा मारायचं निळं मशीन टेबलाच्या वर कधीच लावू नका, मेलेली माशी खाली मालातच पडते, ते दाराजवळ बाजूला लावायचं.

पाणी

कार्पोरेशनचं पाणी असो, एमआयडीसीचं असो की बोअर, वापरायच्या आधी टेस्ट करून घ्या, पिण्याच्या पाण्याचं मानक आयएस १०५०० लागते. बोअरचं पाणी जड असेल तर गीझर आणि बॉयलरमध्ये क्षार जमतात, साबणाला फेस येत नाही आणि पोरं दुप्पट साबण ओततात. एप्रिल-मे मध्ये टँकर लागणारच हे धरून चाला. टँकर आला की क्लोरीन तपासायची स्ट्रिप बुडवा, पाण्यात मोकळं क्लोरीन ०.२ पीपीएमच्या खाली असेल तर आधी टाकीत डोस द्या मग वापरा. आणि बर्फ विकत घेत असाल तर तो खायचा बर्फ आहे का हे फॅक्टरीत स्वतः जाऊन बघा.

थंडी, म्हणजे नागपूरच्या मे महिन्याशी गाठ

आपल्याकडं पारा ४५ च्या वर जातो. कंपनीचा माणूस कोल्ड रूमचा हिशोब कॅटलॉगमधून करतो, आणि कॅटलॉगवाल्यानं नागपूरची दुपार बघितलेली नसते. कोटेशन घेताना लिहून घ्या की बाहेर ४८ डिग्री असताना आत ० ते ४ राहिलं पाहिजे. कंडेन्सर (गरम हवा बाहेर फेकणारा भाग) पश्चिमेच्या भिंतीला लावू नका, पत्र्याच्या शेडखाली तर नाहीच, गरम हवा तिथंच फिरत राहते आणि दुपारी तीनला हाय प्रेशरवर ट्रिप होते. जनरेटर घेताना कॉम्प्रेसरचा चालू असतानाचा लोड नाही, सुरू होतानाचा लोड धरा, तो कितीतरी पट असतो. नाहीतर जनरेटर आहे पण कॉम्प्रेसर उचलत नाही, अशी पाळी येते.

लक्षात ठेवायचे आकडे कमीच आहेत. थंड माल ० ते ४ डिग्री. फ्रोझन उणे १८ किंवा त्याखाली. कटिंग रूम १२ च्या आत ठेवायची. ५ ते ६० डिग्रीच्या मधे जीवाणू झपाट्यानं वाढतात, माल त्या पट्ट्यात जितका कमी वेळ राहील तितकं चांगलं.

आता एक चूक जी जवळपास सगळे करतात आणि मी पण केली. डीप फ्रीजर म्हणजे माल गोठवायचं मशीन नाही, गोठलेला माल ठेवायचं मशीन आहे. पहिल्या वर्षी पोळ्याच्या करीची, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाची ऑर्डर होती, मी आदल्या संध्याकाळी ६० किलो ताजं चिकन पाकिटात भरून पेटीवाल्या फ्रीजरमध्ये गच्च रचलं. बाहेरच्या डिस्प्लेवर उणे १६. सकाळी वरची पाकिटं दगड झालेली, मला वाटलं झालं काम, पण मधलं एक पाकीट काढून त्यात प्रोब (मांसात खुपसायचा थर्मामीटर) घातला तर ९ डिग्री. रात्रभर ते ऊबदार राहिलं होतं. अर्धा माल फेकला, ऑर्डर अर्धीच गेली. गोठवायचंच असेल तर ब्लास्ट फ्रीजर लागतो, उणे ३० ते उणे ४० ची वेगानं फिरणारी हवा, पाकिटं पातळ आणि एका थरात. ते परवडत नसेल तर फ्रोझनच्या भानगडीत पडू नका, थंड माल विका, रोजचा रोज.

आणि प्रोब थर्मामीटर. हजार-दोन हजारांत येतो, दुसरी कोणतीही वस्तू घ्यायच्या आधी दोन घ्या. महिन्यातून एकदा ठेचलेल्या बर्फाच्या पाण्यात बुडवून बघा, ० दाखवला पाहिजे.

माल आत घेताना

गाडी आली की दार उघडताच प्रोब मालाच्या जाड भागात, मांडीत नाहीतर छातीत. ४ च्या वर असेल तर परत. पुरवठादार म्हणेल "आत्ताच गाडीचं दार उघडलं ना भाऊ, म्हणून", दार उघडल्यानं पाच मिनिटांत छातीच्या आतलं मांस तापत नाही. दोनदा परत केला की तिसऱ्यांदा माल नीट येते, हा माझा अनुभव आहे.

ज्यांना कापायचंच आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. पक्षी कापायच्या ८ ते १२ तास आधी दाणा बंद, पाणी चालू, म्हणजे आतडी रिकामी राहतात आणि साफ करताना फुटून मालावर सांडत नाहीत. रक्त पूर्ण निथळायला दीड ते तीन मिनिटं द्या, घाई केली तर मांस लालसर दिसते आणि लवकर वास मारते. पिसं काढायच्या आधीचं गरम पाणी कातडीसकट विकायचं असेल तर ५० ते ५३ डिग्री, कातडी काढायचीच असेल तर ५८ ते ६० चालते. त्या पाण्याचं तापमान अंदाजानं नाही, थर्मामीटरनं. ड्रेस झालं की लगेच बर्फाच्या पाण्यात, आणि बोनलेस काढायच्या आधी किमान चार तास थंडीत राहू द्या, गरम असतानाच हाड सोडवलं तर मांस चिवट होते.

फार्मचं हेल्थ रेकॉर्ड मागा, दरवेळी. डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या गोरेवाडा रेस्क्यू सेंटरमधले तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूनं दगावले, एच५एन१. हे दूर कुठं नाही, आपल्या शहराच्या काठावर झालं. आजारी किंवा सुस्त लॉट स्वस्तात मिळतोय म्हणून कोणी फोन केला तर घेऊ नका, आणि पशुसंवर्धन विभागाला कळवा.

हिशोब पण इथंच मांडा. २ किलोचे १०० पक्षी म्हणजे २०० किलो, कातडी काढून साधारण ६५ टक्के धरा, हातात १३० किलो. त्यातलं १ टक्का जरी चुकीच्या कटिंगमध्ये गेलं तरी रोजचं सव्वा किलो गेलं, महिन्याचं धरून बघा.

कटिंग आणि पॅकिंग

लाकडी ठोकळा बंद. लोकांना सवय असते, खाटकाचा हात त्यावरच बसतो हे मला माहीत आहे, पण लाकडाच्या भेगांत जे बसते ते निघत नाही. फूड ग्रेड प्लास्टिकचे बोर्ड घ्या, रंग वेगळे, कच्च्या चिकनचा वेगळा, मटणाचा वेगळा. चाकू ८२ डिग्रीच्या पाण्यात बुडवायची सोय टेबलाजवळ. शिफ्ट सुटताना चाकू मोजा आणि टोकं बघा, तुटलेलं टोक कोणाच्या तरी ताटात जाते.

व्हॅक्यूम पाकीट नायलॉन-पीईचं घ्या, हाडासकट चिकनसाठी ७० मायक्रॉनच्या खाली जाऊ नका, नळीच्या हाडाचं टोक पातळ पिशवी फाडते आणि हवा गेली की सगळा उद्देश गेला. आणि व्हॅक्यूम म्हणजे बाहेर ठेवलं तरी चालते असं नाही, उलट हवा नसलेल्या जागेत वाढणारे जीवाणू जास्त धोक्याचे असतात, म्हणून व्हॅक्यूम आणि थंडी दोन्ही हवं.

नागपुरात सावजी मॅरिनेटेड पाकीट चांगलं चालते, आम्ही पण काढतो. पण मसाला आत गेला की लेबल बदलते. सगळे घटक लिहावे लागतात, आणि दही किंवा शेंगदाणे असतील तर अॅलर्जीची सूचना वेगळी द्यावी लागते. लेबलवर १४ अंकी लायसन नंबर, बॅच नंबर, पॅकिंगची आणि वापरायची तारीख, ठेवायचं तापमान, निव्वळ वजन, एमआरपी, तक्रारीसाठी फोन आणि पत्ता. मांसाहाराचं चिन्ह २०२० च्या लेबलिंग नियमापासून तपकिरी चौकोनात तपकिरी त्रिकोण झालेलं आहे, अजून कित्येक डिझाइनर जुना गोल टाकून देतात, छापायला देण्याआधी बघा, मी एका रोलची पाकिटं याच्यापायी रद्दीत घातली. वैधमापनचं (वजन-माप खात्याचं) पॅकर रजिस्ट्रेशन पॅकिंग सुरू केल्यापासून ९० दिवसांच्या आत, आणि काट्याचं दरवर्षी स्टॅम्पिंग.

किती दिवस टिकेल हे दुसऱ्याच्या पाकिटावर बघून लिहू नका. एकाच बॅचची दहा-बारा पाकिटं ठेवा, एकेक दिवसाआड लॅबला द्या, आणि जिथं रिपोर्ट बिघडायला लागते त्याच्या बरंच आधीची तारीख टाका. सेमिनरी हिल्सचं आपलं व्हेटर्नरी कॉलेज आणि माफसू, म्हणजे पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ, इथंच नागपुरात आहे, मांस तंत्रज्ञान शिकवणारी माणसं तिथं आहेत, जाऊन भेटा, प्रश्न लिहून न्या. मला कोणी एवढं मोकळेपणानं समजावून सांगितलं नव्हतं जेवढं तिथं सांगितलं.

धुणं

याचा क्रम चुकला की मेहनत वाया. आधी कोरडं खरवडून सगळे तुकडे उचला, नालीत ढकलू नका. मग कोमट पाणी, ४०-५० डिग्री. थंड पाण्यानं चरबी सुटत नाही आणि एकदम उकळतं पाणी मारलं तर रक्तातलं प्रोटीन शिजून स्टीलवर चिकटून बसते, ते मग घासूनही जात नाही. मग साबणाचा फेस, ब्रश, धुणं, आणि शेवटी क्लोरीन. साबणाच्या आधी क्लोरीन मारलं तर ते घाणीतच खर्च होते.

क्लोरीनचं माप: हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) ५ टक्क्यांचं असेल तर लिटरला ४ मिली म्हणजे २०० पीपीएम. पण उन्हाळ्यात शेडमध्ये ठेवलेल्या कॅनची ताकद उतरते, म्हणून कॅन सावलीत, आणि मापावर नाही, स्ट्रिपवर विश्वास ठेवा. अजून एक, क्लोरीन आणि अॅसिडवाला क्लीनर एकत्र कधीच नाही, विषारी वायू निघते. दोन्हींचे कॅन वेगळ्या कपाटात ठेवा, पोरं संध्याकाळी घाईत असतात.

माणसं

वर्षातून एकदा सगळ्यांची मेडिकल तपासणी, टायफॉइडची लस, २५ जणांमागं एक फॉस्टॅक (फूड सेफ्टीचं) ट्रेनिंग झालेला माणूस. हे कागदावरचं झालं. खरी गोष्ट अशी की जुलाब होत असताना पोरगा कामावर येतो कारण त्याची हजेरी बुडते. आमच्याकडं पोट बिघडलं असं सांगितलं की दोन दिवस भरपगारी सुट्टी, तेव्हापासून सांगायला लागले. हातावर जखम असेल तर कटिंगवर नाही, पट्टी निळ्या रंगाची, म्हणजे मालात पडली तर दिसते.

कचरा

रक्त वेगळ्या भांड्यात धरा, नालीत सोडू नका, एकटं रक्तच सांडपाण्याचा भार किती वाढवते ते ईटीपीवाला (सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट बसवणारा) सांगेल. चरबीसाठी ग्रीस ट्रॅप, आठवड्याला साफ. पिसं, आतडी झाकणाच्या ड्रममध्ये, रोजच्या रोज रेंडरिंगवाल्याकडं (असा कचरा शिजवून त्यातली चरबी वेगळी करणाऱ्याकडं), लेखी करार करून. नाल्याच्या काठावर पोती टाकून येणारे आहेत आपल्या धंद्यात, आणि नाग नदीची अवस्था आपण सगळे पुलावरून जाताना बघतोच. कुत्री गोळा होतात, घारी येतात, आणि मग सगळ्या धंद्याचं नाव खराब होते.

गाडी

अमरावती १५०-१५५ किलोमीटर, म्हणजे उन्हाळ्यात साधी गाडी आणि थर्माकोलचा डबा चालणार नाही, रीफर, म्हणजे कूलिंग असलेली गाडी लागेल. गाडी भरायच्या आधी अर्धा-पाऊण तास रिकामी चालवून थंड करा, रीफर माल थंड ठेवते, गरम माल थंड करत नाही. शहरात टू व्हीलरवर द्यायचं तर जाड इन्सुलेटेड बॅग, जेल पॅक वर आणि खाली दोन्हीकडं, आणि दुपारी १२ ते ४ शक्यतो डिलिव्हरी नाही. गिऱ्हाइकाला मेसेज टाकून ठेवा, लोक समजून घेतात.

पैशाचं एक वाक्य: केंद्राच्या छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या पीएमएफएमई योजनेत ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख सबसिडी मिळत आली आहे, तुमच्या वर्षी ती चालू आहे का ते कृषी कार्यालयात विचारून मगच बँकेत जा, आणि सबसिडी धरून खर्चाचा आराखडा बनवू नका, ती उशिरा येते.

सुरुवातीच्या महिन्यात धुळवड, आखाडी, पोळ्याची कर असे दिवस टाळून सुरू करा. त्या दिवशी शहरात सकाळी सहापासून रांगा असतात आणि नव्या युनिटला ते झेपत नाही. श्रावण लागला की सुरू करा, मागणी कमी असते, चुका कमी मालावर होतात. आणि पहिल्या दिवसापासून प्रत्येक बॅचची दोन पाकिटं कोल्ड रूमच्या वरच्या रॅकवर बाजूला ठेवा, तारीख संपते त्या दिवशी एक आणि दोन दिवसांनी दुसरं, स्वतः फोडा, वास घ्या, पाणी किती सुटलंय बघा, बोटानं दाबून चिकट लागते का बघा, आणि वहीत लिहा. माझी आत्ता तिसरी वही चालू आहे.